पाचवी गोळी

सुहासिनीचा नवरा घरी दारू मोजत बसायचा. पिण्याची नव्हे हो, बंदुकीची. पिण्याची असती तर निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं, असं ती पुण्याच्या बहिणीला फोनवर म्हणायची. शनिवारी सकाळी आंघोळ उरकली की हेमचंद्र मागच्या लहान खोलीत शिरायचा आणि ती करडी पूड काट्यावर कणाकणानं तोलायचा. एक कण जास्त झाला की चिमट्यानं उचलून परत डब्यात. सोनारसुद्धा इतका जीव काढत नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर कागदाला भोकं पाडायला! माणूस जन्माचा शाकाहारी, हरणा-डुकरावर गोळी झाडायचं त्याच्या स्वप्नातही येणार नाही. जपानात, सेंदाईबाहेर डोंगरात चांदमारीचं मैदान होतं. तिथे पालथं पडून लांबच्या कागदावर पाच गोळ्या झाडायच्या, तो कागद जपून घरी आणायचा आणि तोंड पाडून बसायचं. कारण चार गोळ्या एका भोकात जायच्या आणि पाचवी भलतीकडेच.

हेमचंद्र इथल्या एका मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत होता. पुण्याहून दोन-तीन वर्षांसाठी म्हणून आले आणि इथलेच झाले. मुलगा नचिकेत इथे वाढला, शिकला आणि नोकरीसाठी तोक्योला, फुनाबोरीला राहायला गेला. आईनं मराठीत विचारावं आणि त्यानं जपानीत उत्तर द्यावं, ही रीतच पडून गेली होती. ऑफिसातही हेमचंद्रला हल्ली कुणी काही विचारत नव्हतं. खिडकीजवळचं टेबल दिलं होतं, कामं मात्र तरुण पोरांकडे. तो याबद्दल कधी चकार शब्द काढायचा नाही. त्या घरात न बोलणं हीच बोली होती. आमटीत मीठ कमी पडलं तरी तो मुकाट्यानं जेवायचा, आणि तो काही बोलला नाही म्हणजे पसंत पडलं असं सुहासिनीनं धरून चालायचं. भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर बरं, निदान घरात आवाज तरी झाला असता.

ती रायफल मिळवताना मात्र या मुक्या माणसानं काय खटपट केली होती, विचारू नका. आधी हवेवर चालणारी बंदूक, मग परीक्षा, मग संघटनेची शिफारस, डॉक्टरचा दाखला, शेजाऱ्यांकडे चौकशी. या सगळ्यात वर्षं गेली, केस पांढरे झाले. शेवटी पोलिसांचा माणूस घरी आला आणि त्यानं बायकोलाही विचारलं. तेव्हा सुहासिनीचं डोकं फिरलेलं होतं. घरात बंदूक! तिनं फणकाऱ्यानं सांगितलं होतं, "मला त्यातलं काही माहीत नाही. मी त्या खोलीत जात नाही. किल्ल्या कुठे असतात तेही मला ठाऊक नाही. जे काय ते त्यांनाच विचारा." आणि नवल म्हणजे परवानगी लगेच मिळाली. आपण इतकं तोडून बोललो त्याची पुढे तिला लाज वाटत राहिली. आता या वर्षी तो परवाना पुन्हा करून घ्यायचा होता. नाही झाला तर रायफल गेली, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसानं पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचं म्हणजे कुठलं आलंय? या माणसाकडे दुसरं काही उरलेलं नाही, हे ती जाणून होती.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी मैदानाजवळ अस्वल दिसलं म्हणून मैदान बंद ठेवलं होतं. हेमचंद्र घरीच खोलीत बसला होता. सुहासिनी चहा घेऊन गेली आणि रोजच्यासारखा कप दाराशी ठेवून परत फिरायच्या ऐवजी, कसं कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "पाचवीलाच काय होतं हो?"

त्यानं मान वर केली. चष्मा कपाळावर सरकवला. तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं, विचारून चूक केली की काय. मग तो उठला, कोपऱ्यातलं स्टूल उचलून टेबलापासून हातभर लांब ठेवलं आणि म्हणाला, "बस. कशाला हात मात्र लावायचा नाही हं. इथला कायदा तसा आहे. बघायला हरकत नाही."

आणि मग तो माणूस बोलायला लागला. अगं बाई, किती बोलला! काडतुसाची पितळेची पुंगळी दाखवली. एकदा उडवली की ती केसभर ताणली जाते, म्हणून प्रत्येक पुंगळी पुन्हा कापून एका लांबीची करायची. वजन करून सारख्या-सारख्यांची जोडी लावायची. तळाशी ठिणगी देणारी टोपी बसते, ती जागा खरवडून साफ करायची. दारू एकाच डब्यातली, एकाच वजनाची. पुंगळीच्या गळ्यानं गोळीला सगळीकडे सारखंच धरलं पाहिजे, सैल नको की घट्ट नको, आणि गोळी आत बसवायची तीही प्रत्येक वेळी तेवढीच खोल. एकीकडून कललेली तर नाही ना, हे फिरवून बघायचं. "आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची," तो म्हणाला. "दोन बदलल्या की कशामुळे काय झालं ते कधी कळत नाही."

"पण पाचवी?"

"पाचवीत खोट नसते गं. मीच तिला तशी करतो. माझ्याच हातून कुठेतरी एक गोष्ट निराळी होते, आणि ती कुठली तेच सापडत नाही." त्यानं पितळेची रिकामी पुंगळी बोटांत फिरवली. "सगळं एकसारखं केलं ना सुहास, तर ती तिथेच जाते. दुसरीकडे जाऊच शकत नाही. असं दुसरं काय आहे, सांग बरं? मुलाला वाढवलं, नोकरी केली, सगळं मन लावून केलं. कुठे गेलं ते?"

लग्नाला इतकी वर्षं झाली आणि या माणसानं असं पहिल्यांदा काही बोलून दाखवलं होतं. चहा कधीच गार झाला होता. ती म्हणाली, "गरम करून आणते," आणि स्वयंपाकघरात जाऊन पदर नव्हता म्हणून बाहीनंच डोळे पुसले. आपण या खोलीवर आजवर उगाच दात धरला असं तिला वाटलं.

त्यानंतर दोन-तीन शनिवार ती स्टुलावर बसली. लोकरीचं काहीतरी विणायची आणि बघायची. पुंगळ्यांचे गळे ज्योतीवर तापवून मऊ करायची नवी युक्ती त्यानं सुरू केली होती. तशा तयार केलेल्या पाच काडतुसांची एक वेगळी डबी त्यानं ठेवली. "ही पुढच्या रविवारसाठी," तो म्हणाला आणि चक्क हसला.

मग खंडेनवमी आली. सुहासिनी दर वर्षी हत्यारांची पूजा करायची. हत्यारं कसली, विळी, सुऱ्या, मिक्सर, शिवणयंत्र आणि हेमचंद्रचा लॅपटॉप! त्यासाठी आदल्या दिवशी देव उतरवून पितांबरीनं लख्ख करायचे. बाळकृष्णाच्या आसनाखाली नेहमीप्रमाणे दोन बारीक किल्ल्या होत्या. एक रायफलच्या कपाटाची, एक काडतुसांच्या. इतकी वर्षं ती त्या किल्ल्या उचलायची, पुसायची आणि परत जागच्या जागी ठेवायची. देवाखाली कुठला चोर हात घालणार, असा हेमचंद्रचा हिशेब असावा. पण घरातले देव रोज धुतं कोण, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. दाण्यादाण्याचा हिशेब ठेवणारा माणूस हा! पहिल्या वेळी पोलिसाला किल्ल्यांचं माहीत नाही म्हणाली ते खरं होतं. सापडल्या त्या नंतरच्या दसऱ्याला, आणि त्याबद्दल दोघांत कधी बोलणं झालं नाही.

या वर्षी किल्ल्या पुसून ठेवताना तिचा हात थांबला. विळीची पूजा करतो, मिक्सरची करतो, आणि ज्या हत्यारात माणसाचा जीव अडकलाय त्याला एक बोट कुंकू नाही?

नवमीच्या दिवशी हेमचंद्र ऑफिसात होता. तिनं हात-पाय धुतले, तबक घेतलं आणि दोन्ही कपाटं उघडली. रायफल जागची हलवली नाही. अनामिकेनं तिच्या लाकडी दस्त्याला हळद-कुंकू लावलं, एवढंच. काडतुसांच्या कपाटातल्या त्या वेगळ्या डबीवरही एक बोट. अक्षता टाकल्या नाहीत, तांदूळ इकडेतिकडे गेलेले त्याला चालणार नाहीत म्हणून. हात जोडून ती म्हणाली, "देवा, ती पाचवी तेवढी सांभाळ." कपाटं लावली आणि किल्ल्या पुन्हा बाळकृष्णाखाली ठेवल्या.

रविवारी हेमचंद्र मैदानावरून परत आला तो जोडे काढता काढताच हाक मारत. "सुहास! अगं, बघ!" कागदावर एकच भोक. कडा जरा फाटलेल्या, पण एकच. पाचही गोळ्या तिथूनच आरपार गेलेल्या. त्यानं तो कागद चुंबक लावून फ्रिजवर लावला आणि दुपारी जेवताना मागून वाढून घेतलं. सुहासिनी हरखून गेली. संध्याकाळी धुण्याला कपडे टाकताना त्याच्या खिशातला रुमाल निघाला. त्यावर कुंकू पुसलेलं होतं.

म्हणजे त्यानं पाहिलं होतं. पाहिलं, पुसलं आणि एका अक्षरानं बोलला नाही. न बोलणं म्हणजे पसंत, हा तर घरचा नियमच. ती रुमाल चोळता चोळता गुणगुणत होती.

परवान्याच्या चौकशीला पोलिसांचे चिबा-सान घरी यायचे होते त्या दिवशी सकाळी हेमचंद्र जरा अस्वस्थ दिसला. दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी टाय नीट करत म्हणाला, "मागच्या वेळी सांगितलंस तसंच सांग. अगदी तसंच."

मागच्या वेळी! सुहासिनीचे कान तापले. ते तोडून बोललेलं याला अजून आठवतंय तर. तसंच सांगू म्हणे. कुजकट बोलतोय की माझी लाज राखतोय? नाही, या वेळी मी नीट सांगणार. या वेळी त्यांना कळू दे की या माणसाची बायको त्याच्या पाठीशी आहे.

चिबा-सान मोठे सभ्य गृहस्थ. बूट काढून टोकं दाराकडे करून ठेवली, चहाला दोनदा आभार मानले. हेमचंद्र कपाटं दाखवायची तयारी करायला आतल्या खोलीत गेला आणि त्यांनी सुहासिनीला विचारायला सुरुवात केली. पती दारू पितात का? नाही. आरडाओरडा करतात का? "त्यांना ओरडता येतच नाही," ती म्हणाली, आणि चिबा-सानही हसले. झोप, पैसे, शेजारी, सगळं ठीक. रायफल घरात असण्याबद्दल ओकुसानना, म्हणजे बाईसाहेबांना, काय वाटतं?

हाच तो प्रश्न. सुहासिनी सरसावून बसली. इतक्या वर्षांत जमवलेलं सगळं जपानी तिनं पणाला लावलं. सुरुवातीला मला आवडत नव्हतं, ती म्हणाली. पण आता मी त्यांचं काम जवळून बघते. किती मन लावून करतात! आमच्यात एक सण असतो, त्या दिवशी आम्ही हत्यारांचे आभार मानतो, त्यांना कुंकू लावतो. या वर्षी मी रायफललाही लावलं. आणि त्यानंतर बघा ना, पाचही गोळ्या एका जागी! तिनं फ्रिजवरचा कागद दाखवला.

चिबा-सानांचं पेन थांबलं. त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही.

"तेव्हा पती जवळ होते ना?" त्यांनी हळू विचारलं.

"नाही, ते ऑफिसात होते."

"कपाट त्यांनी आधीच उघडून दिलं असेल."

"छे हो, त्यांना तर पत्ताच नव्हता. मीच उघडलं. किल्ल्या तिथे असतात." आणि तिनं देवघराकडे बोट केलं. नवऱ्याच्या किल्ल्या कुठे असतात हे बायकोला माहीत नाही, असं कुठलं घर असतं? बायकोच्या हाती किल्ल्या, यात तर घराची शोभा. ती हसऱ्या चेहऱ्यानं बघत राहिली.

चिबा-सान देवघराकडे वळले, जरासे वाकलेही. मग त्यांनी फार सावकाश काहीतरी लिहिलं. सुहासिनीनं दाराकडे पाहिलं. हेमचंद्र चौकटीत उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. कागद घेऊन घरी यायचा ना, पाचवी गोळी बाहेर गेल्यावर, तेव्हाही तो असाच दिसायचा.

तिला खरं काय ते नचिकेतकडून कळलं. फोनवर तो जपानीत म्हणाला, "आई, बंदुकीला दुसऱ्या कुणीही हात लावायचा नसतो. किल्ली कुठे असते हेही घरच्यांना माहीत असता कामा नये. इथे शाळेतल्या पोरांनाही कळतं हे."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?" ती ओरडली.

नचिकेतनं तरी कधी सांगितलं होतं?

काही आठवड्यांनी दोघांना पोलिसांकडे बोलावलं. चिबा-सानांनी आवाज चढवला नाही, दमही दिला नाही. अर्ज तुम्ही स्वतःहून मागे घेतलात आणि रायफल स्वतःहून परत केलीत तर सगळ्यांनाच बरं पडेल, असं त्यांनी इतक्या अदबीनं सांगितलं की नाही म्हणायला जागाच उरली नाही. सुहासिनी उठून कमरेत वाकली. "चूक माझी आहे. मला काय हवी ती शिक्षा करा. यांचं एवढंच आहे हो, दुसरं काही नाही यांना." रडताना तिचं जपानी पार मोडलं. चिबा-सान कासावीस झाले. "ओकुसान, तुमची चूक नाही," ते म्हणाले. "किल्ली सांभाळणं त्यांचं काम होतं."

"हो," हेमचंद्र म्हणाला. "माझंच काम होतं." आणि त्यानं सही केली.

घरी परतताना बसमध्ये सुहासिनीनं विचारलं, "रुमालावर कुंकू होतं. तुम्ही पाहिलं होतं. तेव्हाच का नाही सांगितलंत मला?"

तो खिडकीबाहेर बघतच म्हणाला, "इतक्या वर्षांनी तू पहिल्यांदा आली होतीस त्या खोलीत. नको कसं म्हणू?"

रायफल गेली. काडतुसं गेली, दारूचा डबा गेला, टोप्या गेल्या. टेबलावरचं काडतुसं भरायचं यंत्र त्यानं स्वतः सोडवलं आणि टेबलाला राहिलेली स्क्रूची भोकं लाकडाच्या भुशानं बुजवली. फ्रिजवरचा कागद मात्र काढला नाही. तो काढावा की ठेवावा हे सुहासिनीला ठरवता येईना. दूध काढताना ते एकच भोक रोज डोळ्यांसमोर यायचं. गळे तापवल्यामुळे जमलं की कुंकवामुळे, की त्या दिवशी तो हसत घराबाहेर पडला होता म्हणून? एका वेळी बदललेल्या गोष्टी फार झाल्या होत्या. आता ते कधीच कळायचं नव्हतं.

ती मागे लागली. अहो, बोला काहीतरी. ओरडा माझ्यावर, ताट भिरकावा, काहीही करा. तो दर वेळी मान हलवून म्हणायचा, "तुझी काही चूक नाही." सकाळी विचारलं तरी तेच, जेवताना विचारलं तरी तेच. आवाज तेवढाच, ना कमी ना जास्त. सुरुवातीला तिला त्यात माया दिसली, मग कंटाळा, मग काहीच दिसेना. ती स्टूल घेऊन त्या रिकाम्या खोलीत जाऊन बसली तर तोही येऊन बसला. समोर मोजायला काही नव्हतं. थोड्या वेळानं दोघंही उठले.

डिसेंबरात बर्फ पडलं. हेमचंद्रचा वाढदिवस होता म्हणून सुहासिनीनं सकाळी देव घासायला काढले. बाळकृष्ण उचलला आणि आसन उचललं. खाली दोन बारीक किल्ल्या होत्या.

रिकाम्या कपाटांच्या किल्ल्या. त्यानं पुन्हा तिथेच आणून ठेवल्या होत्या. ती त्या तळहातावर घेऊन बसून राहिली. पुसाव्यात की फेकाव्यात, तिला सुचेना. शेवटी नेहमीसारख्या फडक्यानं पुसल्या आणि ठेवायला खाली वाकली.

मागे पावलं वाजली. हेमचंद्र ऑफिसला निघाला होता, गळ्याला मफलर गुंडाळत दारात थांबला होता. त्यानं तिच्या हातातल्या किल्ल्या पाहिल्या. या वेळी तिनं काहीही विचारलं नव्हतं.

"तुझी काही चूक नाही," तो म्हणाला, आणि बूट घालायला वळला.